आवडत्या नटाचे सिनेमे आवडत नाहीत तेव्हा

पत्र थोडक्यात : कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणारे हे वाचक 42 वर्षांचे आहेत, बँकेत नोकरीला आहेत. अरुण सरनाईक हे त्यांचे लहानपणापासूनचे आवडते नट. ही आवड लावली चुलत्यांनी. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा आता 74 वर्षांचे आहेत, उभी हयात उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर म्हणून गेली. गल्लीतल्या तालमीच्या माडीवर महिन्यातून एकदा जुना मराठी चित्रपट दाखवतात आणि तो निवडायचं काम या वाचकांकडे आहे. जूनमध्ये सरनाईकांच्या स्मृतिदिनानिमित्त त्यांनी ‘सिंहासन’ लावला. सुरुवातीला दोन शब्द बोलताना ते म्हणाले, “सरनाईकांचा खरा सिनेमा हा एकच. बाकीचे तमाशाचे सिनेमे सगळे एका छापाचे. त्यात या माणसाची प्रतिभा वाया गेली.” आबा तिथूनच उठून घरी गेले आणि तेव्हापासून बोलत नाहीत. काकूंकडून निरोप तेवढा आला : “त्याला म्हणावं, वाया गेलेली पिक्चरं बघूनच आमी मोठं झालोय.” वाचक विचारतात : मी खरं बोललो, मग माफी कशाची मागू? पुढच्या महिन्यात आबांना आवडतो म्हणून ‘सवाल माझा ऐका’ लावू, की सर्वांना चालेल असा ‘मुंबईचा जावई’, की हे कामच सोडून देऊ? आणि ज्या नटाचे निम्मे सिनेमे मला बघवत नाहीत, त्याचा मी चाहता कसला? ता. क. मध्ये त्यांनी आणखी एक विचारलंय : चौदा वर्षांच्या मुलीला सरनाईकांचा पहिला सिनेमा कुठला दाखवू?

तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्ही उगाच मनाला लावून घेतलाय. आवडत्या नटाचा प्रत्येक सिनेमा आवडलाच पाहिजे, असं कुठे लिहून ठेवलंय? 1961 च्या ‘शाहीर परशुराम’पासून 1984 पर्यंत हा माणूस सतत काम करत होता. त्यातलं सगळंच उत्तम असणं शक्यच नव्हतं. घाईत उरकलेलं, पैशासाठी केलेलं, दिग्दर्शकाने हात टेकलेलं, असं बरंच काही त्यात असणार आणि आहे. ते तुम्हाला खटकतं याचा अर्थ तुम्ही डोळे उघडे ठेवून बघता. तेव्हा चाहते आहात की नाही, ही शंका सोडून द्या.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय, “ते सिनेमे मोबाइलवर लावतो, गाणी बघतो आणि बाकीचं पुढे ढकलतो.” म्हणजे जे सिनेमे तुम्ही भर माडीवर निकालात काढलेत, त्यातले बहुतेक तुम्ही अख्खे पाहिलेलेच नाहीत. आबांनी पाहिलेत, तेही थेटरात, मोठ्या पडद्यावर, भरलेल्या पब्लिकमध्ये. त्या दिवशी माडीवर या विषयावर बोलायचा अधिकार तुमच्यापेक्षा त्यांचा जास्त होता आणि माइक तुमच्या हातात होता. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. अर्धं बघून पूर्ण बोललात, एवढंच म्हणते.

आता ‘वाया गेली’ या मताकडे येऊ. ते तुमच्या एकट्याचं नाही. शहरातले, शिकलेले, समांतर सिनेमा मनापासून बघणारे कितीतरी लोक हेच म्हणतात, की बिचाऱ्याला आयुष्यभर फेटा बांधून फडात बसवलं आणि एकदाच जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’मध्ये मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत बसवलं तेव्हा कळलं काय ताकदीचा नट होता. ऐकायला हे पटतं. पण जरा खोलात जाऊन बघा.

ते फडात का बसले, हे आधी. 1959 मध्ये दिग्दर्शक अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट आला आणि पुण्याच्या विजयानंद थेटरात तो 131 आठवडे चालला. माने आपल्या कोल्हापूरचे. एवढं यश बघितल्यावर मराठी निर्माता दुसरं काय करणार? पैसा लावणीत आहे, ढोलकीत आहे, हे सगळ्यांना दिसलं. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमे दाखवणाऱ्यांनाही तेच हवं होतं. त्याच सुमारास सरनाईक पडद्यावर आले. ‘सवाल माझा ऐका’ 1964 चा, ‘केला इशारा जाता जाता’ 1965 चा, दोन्ही मान्यांचेच. मराठीत नायक म्हणून उभं राहायचं असेल तर त्या काळात रस्ता या फडातूनच जात होता. दुसरीकडे कुठे त्यांच्यासाठी गादी घालून ठेवली होती आणि ते गेले नाहीत, असं काही नव्हतं.

आणि त्या फडात नायकाला नेमकं काम काय असतं? हे मी तुम्हाला एक चाहती म्हणून सांगते, वाद घालायला नाही. तमाशापटात नायक पाटील असो, शाहीर असो की ढोलकीवाला, लावणी सुरू झाली की पडदा नाचणारीचा होतो. गाणं तिचं, पाय तिचे, शिट्ट्या तिच्या. नायकाने काय करायचं? बसायचं आणि ऐकायचं. पाच-पाच मिनिटं तोंडी एक शब्द नसताना कॅमेरा परत परत त्याच्या तोंडावर येतो. कच्चा नट अशा वेळी भुवया उडवतो, मिशीला पीळ देतो, मान हलवत राहतो. सरनाईक खरोखर ऐकताना दिसतात. समेवर येणारी त्यांची दाद अर्धा क्षणही आधी येत नाही. हे शिकवून येत नाही. वडील शंकरराव सरनाईक संगीत रंगभूमीवरचे नामांकित गायक नट, नात्यातले निवृत्तिबुवा सरनाईक जयपूर घराण्याचे मोठे गवई. घरात सूर आणि ठेका भिनलेला. ‘घरकुल’मधल्या ‘पप्पा सांगा कुणाचे’मध्ये आवाजही त्यांचा स्वतःचाच आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. गळा असणारा नट दुसऱ्याचं गाणं ऐकतो तेव्हा ते वेगळं दिसतं. पुढच्या वेळी लावणी लागली की नाचणारीकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. तुम्ही गाणी तरी बघता म्हणालात, तर एवढं करायला काहीच अडचण नाही.

मग ‘सिंहासन’ परत लावा. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, समोर अर्थमंत्री दाभाडेंच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे या सिनेमात किती बोलतात, ते मोजा. आपल्याविरुद्ध कट शिजतोय हे त्यांना फोनवर कळतं, तेव्हा ते ऐकतात. आमदार येऊन रडगाणं गातात, ते ऐकतात. कुणी धमकी दिल्यासारखं बोलतो, कुणी लाळघोटेपणा करतो, समोरचा चेहरा फारसा हलत नाही, आणि तरी आपल्याला कळत राहतं की आत गणितं चालली आहेत. लागूंच्या दाभाडेंकडे बोलणं आहे, अस्वस्थपणा आहे. सरनाईकांच्या शिंद्यांकडे ऐकून घेणं आहे, आणि खुर्ची त्यांचीच टिकते. हे 1979 मध्ये एकाएकी कुठून आलं? माझं मत स्पष्ट आहे : ते त्या फडांतून आलं, ज्यांना तुम्ही वाया गेलेली वर्षं म्हणालात. ‘सिंहासन’मधलं मौन पंधरा-अठरा वर्षं कमावलेलं आहे.

बरं, फक्त तमाशापट आणि ‘सिंहासन’ असे दोनच कप्पे करून ठेवलेत, त्यात मधलं सगळं पडून राहिलं. 1970 चा ‘मुंबईचा जावई’ घ्या, जो तुम्ही ‘सर्वांना चालेल असा’ म्हणून बाजूला काढलाय. राजा ठाकूरांचा हा सिनेमा इतका नेटका बसलेला आहे की दोन वर्षांत बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. त्यात ‘का रे दुरावा’ आहे. आशाबाई गातात, पडद्यावर सुरेखा मनधरणी करते, आणि सरनाईकांना रुसून बसायचंय. एवढंच काम. रुसवा खरा वाटला पाहिजे, पण तो आता सुटणार हेही प्रेक्षकाला कळलं पाहिजे, आणि हे सगळं तोंडातून अक्षर न काढता. तुम्ही हे गाणं शंभरदा ऐकलं असेल. एकदा आवाज बंद करून बघा.

आणि 1968 चा ‘एक गाव बारा भानगडी’. कथा पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची. निळू फुले याच सिनेमातून पडद्यावर आले, झेले अण्णा म्हणून. अकरा वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये तेच फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले आणि सरनाईक मुख्यमंत्री. गावच्या राजकारणाचे हे सिनेमे तुम्ही एकाच गठ्ठ्यात बांधून टाकलेत, पण ‘सिंहासन’मध्ये जे मंत्रालयात चालतं, त्याची ओळख मराठी प्रेक्षकाला आधी चावडीवर झाली होती. ते दोन सिनेमे पाठोपाठ बघितलेत तर तुमच्या बोलण्याला कितीतरी वजन येईल.

इतकं सांगितलं, आता दुसरी बाजू. तुमचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. त्या काळातल्या बऱ्याच तमाशापटांत कथा म्हणून फार थोडं हाती लागतं. सोज्वळ नाचणारी, तिच्यावर डोळा असलेला पाटील, मध्येच गैरसमज, शेवटी कुणाचा तरी त्याग. बाईने कायम सोसायचं आणि शेवटी तिचं सोसणंच मोठं ठरायचं, हे आज बघताना मलाही जाचतं. विनोदाच्या नावाखाली मध्ये घुसडलेले प्रवेश सिनेमा थांबवतात. हे सगळं बोललं पाहिजे. सरनाईकांवर प्रेम आहे म्हणून या सिनेमांना माफी, असं मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. फक्त सिनेमा आणि त्यातलं नटाचं काम, यांचे हिशेब वेगळे ठेवा. पटकथेचा दोष नटाच्या खात्यावर मांडू नये, आणि नट चांगला म्हणून पटकथेला सूटही देऊ नये. तुम्ही बोललात सिनेमाविषयी. आबांनी ऐकलं ते सरनाईकांविषयी, आणि स्वतःविषयीही.

स्वतःविषयी असं, की भट्टीपुढे दिवस काढून संध्याकाळी आंघोळ करून जो माणूस तिकिटाच्या रांगेत उभा राहिला, त्याला त्याच्याच पुतण्याने, त्याच्याच गल्लीतल्या माणसांसमोर सांगितलं की तू जे बघितलंस ते फुकट होतं. तेही कुठल्या दिवशी? स्मृतिदिनाला. 21 जून 1984 ला मोटार अपघातात सरनाईक गेले तेव्हा ते 48 वर्षांचे होते आणि आबा ऐन तिशीत. आपल्या शहराचं या लोकांशी नातं नुसतं पडद्याचं नाही. बाबूराव पेंटरांपासून भालजी पेंढारकरांपर्यंत सिनेमा इथे पेठांतल्या माणसांनी केला. कुणी सेट ठोकले, कुणी कपडे शिवले, कुणी फेटा बांधून गर्दीत उभं राहिलं. सरनाईक इथेच जन्मले, वाढले. आबांच्या पिढीला ते घरातल्यासारखे होते. अशा दिवशी तुमच्या टीकेला दुसरी जागा शोधायला हवी होती. सिनेमा संपल्यावर, चहा घेताना, हेच सगळं बोलला असतात तर आबांनी तुमच्याशी कडाकडा भांडण केलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं असतं.

आता माफीचं. मताची माफी मागू नका. ती खोटी होईल आणि आबांना ती लगेच ओळखू येईल. ‘वाया गेली’ या शब्दांची मात्र मागा. काकूंकरवी निरोप नको, मोबाइलवर लांबलचक मजकूर तर नकोच. स्वतः जा, शक्यतो घरी दुसरं कुणी नसताना, आणि थोडक्यात बोला. “आबा, त्या दिवशी मी बोललो ते न बघता बोललो. ते सिनेमे मी धड पाहिलेलेच नाहीत. एक तुमच्याबरोबर बसून बघायचाय.” एवढं पुरे. ‘पण माझं म्हणणं असं होतं की’ हे त्याच बैठकीत काढू नका. ते सांगायला पुढे वेळ आहे.

आणि बोलणं सुरू झालं की त्यांना एक प्रश्न विचाराच, जो मला वाटतं तुम्ही आजवर कधी विचारलेला नाही : “सरनाईकांचा कुठला पिक्चर तुम्हाला अजिबात आवडला नाही?” तुम्ही धरून चाललाय की आबांना सगळंच आवडतं, आणि नावडणं हे फक्त तुमच्या पिढीचं. मी जुने चाहते पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या नावडत्या सिनेमांची यादी आपल्यापेक्षा लांब असते आणि कारणंही पक्की असतात. अमुक पिक्चरात वीग कसा बसला होता, तमुकमध्ये जोडी कशी जुळली नव्हती, कुठल्या सिनेमात ते कंटाळून काम करत होते, हे त्यांना पाठ असतं. कदाचित तुमची आणि त्यांची यादी बरीच सारखी निघेल. हा प्रश्न इतर वाचकांसाठीही आहे. दादा कोंडक्यांवरून वडिलांशी, लक्ष्मीकांत बेर्डेंवरून थोरल्या भावाशी अबोला धरलेल्यांची पत्रंही मला येतात. ‘तुम्हाला तो का आवडतो’ असं विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. काय आवडलं नाही हे विचारलंत की तो मोकळा होतो, कारण आता परीक्षक तो असतो.

पुढच्या महिन्याच्या सिनेमाविषयी. काम सोडून देणं हा पर्याय मला पटत नाही. त्यातून आबांना ‘माझ्यामुळे पोरानं सोडलं’ असं वाटेल आणि तालमीचा कार्यक्रम बंद पडेल तो वेगळाच. ‘सवाल माझा ऐका’ केवळ आबांना खूश करायला लावलात तर तेही त्यांना कळेल. तुमचा चेहराच सांगेल. तो लावायचाच असेल तर आधी तुम्ही तो अख्खा बघा, पुढे न ढकलता, शक्यतो आबांच्या शेजारी बसून. बघितल्यावर खरोखर काही सापडलं तर लावा. नाही सापडलं तर ‘एक गाव बारा भानगडी’ लावा. ‘सिंहासन’ नुकताच बघितलेल्या प्रेक्षकांना तो जास्त रंगेल, असा माझा अंदाज आहे.

आबांना प्रास्ताविकाला उभं करायचं तुमच्या मनात येईल. लगेच करू नका. चारचौघांत झालेल्या अपमानाची भरपाई चारचौघांत मान देऊन करावी असं आपल्याला वाटतं, पण काही माणसांना ते अवघड होतं, माइक हातात आला की शब्द फुटत नाहीत. त्यांना विचारा, नको म्हणाले तर आग्रह सोडा. त्यापेक्षा प्रास्ताविकच काढून टाका. आधी सिनेमा, मग गप्पा. गप्पांना एक धरबंध हवा म्हणून सिनेमातला एखादा प्रवेश पुन्हा लावा आणि त्यावरच बोला. ‘चांगला’, ‘भिकार’ असल्या शेऱ्यांपेक्षा ‘इथे ते असे का थांबले’, ‘इथे बघत होते कुणाकडे’ यावर बोलणं आलं की आबांसारखी माणसं आपोआप बोलायला लागतात. आणि जाता जाता एक कामाची गोष्ट : सार्वजनिक कार्यक्रमात सिनेमा दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. मोबाइलवर सापडला म्हणून पडद्यावर लावला, असं नको. तालमीच्या कारभाऱ्यांनी एकदा ते बघून घ्यावं.

आबा लगेच बोलतील असं नाही. पहिल्या फेरीत ‘हं’ म्हणून पेपर वाचत बसतील. तसं झालं तर रागावू नका, समजावत बसू नका. चहा घ्या आणि या. पुढच्या आठवड्यात परत जा, त्याच कारणासाठी : सिनेमा बघायचाय, कधी बसायचं?

राहिला ता. क. मधला प्रश्न. लेकीला ‘मुंबईचा जावई’ दाखवा. ‘सिंहासन’ तिला आज जड जाईल, त्यातली माणसं ओळखायला थोडं वय लागतं. ‘मुंबईचा जावई’मधली लग्न होऊन मुंबईला आलेली मुलगी, माणसांनी भरलेलं चाळीतलं घर आणि दोघांना बोलायला न मिळणारी जागा, हे तिला सहज कळेल. बघताना शेजारी बसून ‘आता बघ, आता बघ’ असं करू नका. कंटाळली आणि उठून गेली तर जाऊ द्या. आणि तिने काय आवडलं नाही ते सांगितलं, तर मध्ये न बोलता ऐकून घ्या. आबा घरी आले की त्यांनाही सांगायला लावा.